चाललेली गाडी घे

चि. मनू हिस


तू पाठवलेल्या दोन्ही गाड्यांचे फोटो मोठे करकरून पाहिले. दोन्ही निन्जा 650. वाशीची हिरवी 2019 ची, रनिंग 7,000. नाशिकची काळी 2018 ची, रनिंग 41,000. तुझं मन हिरवीवर गेलंय, ताईलाही तीच पसंत आहे, आणि दोघींचं कारण एकच: रनिंग कमी. मला मात्र तू नाशिकची घ्यावीस असं वाटतं. फोनवर घाईत सांगितलं तर तो माझा हट्ट वाटेल, म्हणून लिहिते.

सेकंडहँड बाजारात सगळा भाव रनिंगच्या आकड्यावर ठरतो. रोज ऑफिसला जाणाऱ्या स्कूटरला तो हिशेब लागूही पडतो. मोठ्या गाडीचं तसं नसतं. ती आपल्याकडे हौसेने घेतली जाते. पहिल्या वर्षी लोणावळा, महाबळेश्वर होतं, मग नोकरी बदलते, लग्न होतं, घरात बाळ येतं, आणि गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हरखाली जाते. वाशीची गाडी वर्षाला हजारेक किलोमीटर चालली असेल. बाकीचा सगळा वेळ ती खाडीच्या खाऱ्या हवेत, चार-चार महिन्यांच्या पावसाळ्यात उभी होती. कव्हर पाऊस अडवतं, पण दमटपणा आत कोंडून ठेवतं.

उभ्या गाडीचं काय होतं ते नीट समजून घे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. गाडी चालो न चालो, साधारण दोन वर्षांनी ते बदलावंच लागतं. नाही बदललं, तर घाट उतरताना सारखे ब्रेक लागून ऑइल तापतं, त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि ऐन वळणावर लिव्हर पोकळ लागतो. पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, तेही पाणी ओढतं. अर्धवट भरलेली टाकी महिनोन्महिने उभी राहिली की आतून गंजू शकते, आणि तो गंज पुढे पंपात आणि इंजेक्टरमध्ये उतरतो. पुढच्या शॉकअपची ऑइल सील हललीच नाहीत तर सुकतात. टायरचं रबर तर नक्षी शाबूत असतानाच कडक होतं. हिरवीच्या मागच्या टायरवर, लंबगोल चौकटीत, चार आकडे दिसतात: 1119. म्हणजे 2019 सालचा अकरावा आठवडा. गाडीसोबत कंपनीतून आलेलेच टायर आहेत ते. ‘टायर बघा, नव्यासारखे’ असं विकणारा सांगेल आणि त्यात खोटं काही नसेल. पण भर पावसात ताम्हिणीच्या वळणावर तू त्या टायरवर असावंस हे मला चालणार नाही. 120/70 आणि 160/60 चा चांगला रेडियल जोड वीस हजारांच्या वर जातो. ते पैसे, शिवाय सगळी ऑइलं, बॅटरी आणि सील धरलीस, तर हिरवी तुला वाटते त्याहून बरीच महाग आहे.

आता नाशिकची. 41,000 ऐकून ताई दचकली, पण हे पाण्याने थंड होणारं, दोन सिलिंडरचं, अंगाने आटोपशीर इंजिन आहे. नीट सांभाळलं तर एवढ्या रनिंगने ते थकत नाही. इंजिनाची झीज थंड असताना सगळ्यात जास्त होते. रोज दोन किलोमीटरवर बंद होणारी गाडी कधी पुरती तापतच नाही. पहाटे नाशिकहून निघून दुपारी धुळ्यापलीकडे पोचणारी गाडी मात्र तासन्‌तास एकाच लयीत, योग्य तापमानावर चालते. त्यातून त्या गृहस्थांनी तुला सर्व्हिसची बिलं तारखेवार लावून पाठवली. ऑइल केव्हा, कूलंट केव्हा, चेन सेट केव्हा, सगळं त्यात आहे. मला ती बिलं फोटोंपेक्षा जास्त आवडली.

माझी लांबच्या प्रवासाची पहिली गाडी करिझ्मा होती, सेकंडहँडच. 2003 साली ती 223 सीसीची गाडी आली तेव्हा आमच्या पिढीला लांब जाण्याचं वेडच लागलं. मी ज्यांच्याकडून घेतली ते कोल्हापूरचे शिक्षक. त्यांनी गाडीची वही ठेवली होती आणि प्रत्येक ऑइल बदलाची नोंद त्यात होती. गाडी भरपूर फिरलेली, पण आंबोलीच्या पावसात किंवा कारवारच्या रस्त्यावर तिने मला कधी एकटं पाडलं नाही. इतकी वर्षं गाड्या पाहते आहे, माझा भरवसा त्या वहीवरच आहे.

म्हणून काळी डोळे मिटून घे असं नाही. फिरलेल्या गाडीतली खोट वेगळ्या ठिकाणी असते. टूरवाले जादा लाइट लावतात, मोबाइलचा चार्जर काढतात. त्यासाठी मूळ वायरिंग कापून टेप गुंडाळलेली असेल तर पुढे तेच छळतं. पुढचं फेअरिंग काढायला सांग आणि वायरी बघ. सामानाचं कॅरिअर जिथे चेसीला जोडलंय तिथे चीर किंवा वेल्डिंग आहे का ते बोटाने चाचप. चेन मागच्या स्प्रॉकेटवरून मागे ओढून बघ. अर्धा दात उघडा पडला तर सेट संपला. डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो, मेकॅनिकला व्हर्निअर आणायला सांग. पुढचं चाक उचलून हँडल हलकेच डावी-उजवीकडे फिरव. मधोमध अडकल्यासारखं झालं तर कोन सेट गेला.

पडलेल्या गाडीची गोष्ट यापेक्षा गंभीर. नवं फेअरिंग लावून ओरखडे झाकता येतात, पण हँडल जिथे टेकतं तो चेसीवरचा लॉक स्टॉपर सहसा कुणी बदलत नाही. तो ठेचलेला किंवा वाकलेला दिसला की बाकी काही न बघता निघून ये. हँडलची टोकं, लिव्हरची टोकं, फूटरेस्ट यांच्यावरचे छोटे ओरखडे मी माफ करीन. उभी गाडीसुद्धा पडते.

तुझा मित्र म्हणतो त्याच पैशात जुनी निन्जा 1000 मिळेल. मिळेलही. 1043 सीसी, चार सिलिंडर, 19 लिटरची टाकी, आणि काचेमागे बसल्यावर वारा लागत नाही. पण मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर दुचाकी चालत नाही, समृद्धीवर नाही, अटल सेतूवरही नाही. आपला प्रवास जुन्या हायवेचा, खंबाटकीचा, वरंध्याचा, कोकणातल्या गावांमधून जाणाऱ्या रस्त्याचा. तिथे दोनशे किलोच्या आतली, 790 मिलिमीटर सीटची 650 तुला दोन्ही पाय टेकवून सांभाळता येईल. रस्त्याकडेच्या खडीत सव्वादोनशे किलोंहून जड गाडी एकटीने वळवायची वेळ येते तेव्हा सीसी कामाला येत नाही. 15 लिटरच्या टाकीत पुणे ते सावंतवाडी साधारण होतं, आणि मध्ये पंप आहेतच.

एबीएस मात्र हवंच. 2019 च्या एप्रिलपासून 125 सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना ते सक्तीचं झालं. त्याआधीच्या वर्षांतली गाडी घेताना ते बघूनच घ्यायचं. काळीच्या पुढच्या चाकाला सेन्सरची दातेरी रिंग फोटोत दिसते आहे. तरी किल्ली फिरवल्यावर एबीएसचा दिवा लागतो आणि गाडी हलल्यावर विझतो, हे स्वतः बघ.

कागदांचं थोडक्यात. गाडी महाराष्ट्रातलीच आहे, त्यामुळे पुन्हा रोड टॅक्स नाही. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या, आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म 35, थकलेली ई-चलनं त्यांनीच भरायची. विमा 14 दिवसांत तुझ्या नावावर करून घे. त्यांचा नो क्लेम बोनस तुला मिळत नाही, तेव्हा त्याच्या जोरावर कुणी किंमत वाढवली तर ऐकू नकोस. आणि ठरवलेल्या पैशातले थोडे मागे ठेव. जुनी गाडी घरी आली की ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल, एअर फिल्टर सगळं एकदा नवं करायचं, आधीच्या मालकाने कालच केलं असलं तरी. तिथून पुढची नोंद तुझी.

रविवारी मी पहाटेच्या गाडीने पुण्यात येते, तिथून आपण दोघी नाशिकला जाऊ. त्यांना शनिवारी रात्रीच फोन करून सांग की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्या पोचल्या तू इंजिनावर हात ठेवायचास. थंड असेल तरच स्टार्टर दाबायचा. आणि ताईला सांग, हेल्मेट मी घेऊन देणार आहे, त्याचे पैसे गाडीच्या हिशेबात धरू नकोस.

तुझी,
मावशी