भर उन्हात बर्फ

खंबाटकीच्या चढाला अडकलेल्या गाड्यांचे फोन आमच्या शिरवळच्या गॅरेजला नेहमीचे. पूर्वी मी नोझल, डिझेल फिल्टर आणि एअर काढायचे पाने घेऊन निघायचो. त्या दुपारी ड्रायव्हर म्हणाला, "मिस्त्री, सीएनजी आहे. चढाला उचलतच नाही, नुसते झटके मारतेय. आणि टेंपरेचर तर बरोबर दाखवतंय."

जाऊन बघतो तर मे महिन्याच्या उन्हात रेग्युलेटरवर पांढराशुभ्र बर्फ!

सिलिंडरमध्ये गॅस दोनशे बारपर्यंत दाबून भरलेला असतो. इंजिनला तो फार कमी दाबाने लागतो. रेग्युलेटरमध्ये दाब एकदम उतरला की गॅस पसरतो आणि कमालीचा गार पडतो. म्हणून इंजिनचं गरम कूलंट रेग्युलेटरमधून फिरवलेलं असतं. या गाडीची होसक्लिप ढिली झालेली. कूलंट थोडंच गळलं, पण वरच्या पाइपात हवा धरली आणि गरम पाणी रेग्युलेटरपर्यंत पोचेना. पूर्ण भाराच्या चढाला गॅस जास्त ओढला जातो, तिथेच रेग्युलेटर गोठला. क्लिप आवळली, हवा काढली, कूलंट भरलं. अर्ध्या तासात गाडी मार्गी लागली.

मला ही इंजिनं मनापासून आवडायला लागली आहेत. डिझेल दाबाच्या उष्णतेने आपोआप पेटतं. मिथेनला त्यासाठी पाचशे अंशांहून जास्त तापमान लागतं, म्हणून इथे नोझलच्या जागी स्पार्क प्लग येतो आणि कॉम्प्रेशन डिझेलपेक्षा कमी ठेवतात. म्हणजे आम्हा डिझेलवाल्यांना प्लगची गॅप, कॉइल, वायरिंग हे सगळं नव्याने शिकणं आलं. ऑइलही गॅस इंजिनचंच हवं, कमी राख सोडणारं. नाहीतर व्हॉल्व्हवर थर बसतात. पण काम झाल्यावर हाताला काजळी नसते. आयुष्यभर धूर खाल्लेल्या माणसाला त्याची किंमत विचारा.

काळजी वाटते ती गॅरेजमधल्या पोरांची. डिझेलची लाइन ढिली केली तर कपडे भिजतात. दोनशे बारची लाइन ढिली केली तर माणूस जायबंदी होतो. सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट लागते. तिची तारीख मी गाडी आत घेण्याआधी बघतो. उलटून गेली असेल तर कामाला हात लावत नाही, मालक कितीही ओळखीचा असो. नव्या पोराला आधी मेन व्हॉल्व्ह बंद करून लाइनमधला गॅस संपवायला शिकवतो. पाना त्यानंतर.