हिवाळ्यातल्या घराचे ध्वनिमुद्रण

हिवाळ्यात छताचा पंखा बंद होतो आणि घर ऐकू येऊ लागते. पंख्याच्या घरघरीखाली महिनोन्‌महिने दबलेली घड्याळाची टिकटिक, कडीचा खुळखुळाट, माजघरातून गेलेले अनवाणी पाऊल असे बारीकसारीक आवाज मोकळे होतात. खिडक्या मिटल्यामुळे रस्ता बाहेर राहतो, गोधड्या-वाकळी खोलीतला घुमारा शोषून घेतात. देशावरचे बालपणीचे घर ध्वनिमुद्रित करायचे, तर मार्गशीर्ष-पौष हाच त्याचा खरा हंगाम.

दूरचे आवाजही याच दिवसांत घरात येतात. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन झपाट्याने निवते. तिच्यालगतची हवा गार होते, वरची त्या मानाने उबदार राहते. शून्य अंश सेल्सियसला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३३१ मीटर असतो आणि अंशागणिक तो सुमारे ०.६ मीटरने वाढतो. वरच्या थरात ध्वनी जलद जातो, त्यामुळे त्याची लहर खाली वाकते आणि एरवी वर विरून जाणारी आगगाडीची शिटी थेट उशाशी उतरते. लहानपणी गाडी अगदी जवळून गेल्यासारखी वाटे, तो भास नव्हता.

पत्र्याच्या घरात पहिला आवाज सूर्यास्तानंतर येतो. तीन मीटर लांबीचा लोखंडी पत्रा १५ अंशांनी निवला, तर सुमारे अर्धा मिलिमीटर आखडतो. खिळ्यांनी अडवून धरलेला ताण एकाएकी सुटतो आणि ‘टण्‌’ असा आवाज होतो.

पहाटेचा मुख्य आवाज पाणी तापवण्याच्या बंबाचा. आधी ढलप्यांची तडतड, मग पाण्याचे सूं सूं. तापलेल्या नळकांड्याला लागून वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि भोवतीच्या गार पाण्यात लगेच फुटतात. पाणी सगळीकडे सारखे तापत गेले, की हा आवाज उतरतो. पाणी झाले, हे घरातल्या बाईला हात न लावता कळे ते यामुळेच. म्हणून बंब पेटवण्याआधीच मुद्रण सुरू करावे. अर्धवट टिपलेला बंब निरुपयोगी.

मायक्रोफोनची स्वतःची खरखर १० डेसिबलच्या आसपास किंवा त्याहून कमी हवी. फोनमधली गोंगाट कमी करण्याची सोय बंद ठेवावी, कारण ती बंबाच्या आवाजालाच गोंगाट समजते. मायक्रोफोन अंथरुणापासून वीतभर उंचीवर ठेवावा. मूल तिथूनच ऐकत असे. गार अंगणातून तो थेट चुलीजवळ नेला, तर आत दव धरते. थोडा वेळ पिशवीतच राहू द्यावा. २४ बिट, ४८ किलोहर्ट्‌झ स्टीरिओ मुद्रणाला तासाला सुमारे एक जीबी जागा लागते. तेव्हा काटकसर न करता दोन-तीन तास सलग चालू ठेवावे. माणसे यंत्राला विसरली, की भाकरी थापण्याची लय नेहमीसारखी होते.

कॅनडाचे संगीतकार आर. मरी शेफर यांनी ‘द ट्यूनिंग ऑफ द वर्ल्ड’ (१९७७) या पुस्तकात सतत पार्श्वभूमीला असणाऱ्या, म्हणून जाणवेनाशा झालेल्या आवाजांना वेगळे नाव दिले. घराचे बहुतेक आवाज याच जातीचे असतात. आठवणींची यादी करून ते सापडत नाहीत.

घर रिकामे झाले असले, तरी प्रत्येक खोलीत एक फुगा फोडून तो आवाज टिपावा. त्यावरून त्या खोलीचा घुमारा संगणकावर पुन्हा उभा करता येतो. मूळ फाइल साफसूफ न करता तारखेसह जपावी, आणि वाडा पाडण्याचा करार झाला असेल, तर हे काम याच हिवाळ्यात करावे.