सवय होईल, काका!

मागच्या आठवड्यात रात्री नऊच्या सुमारास शिरोड्याहून मावसभावाचा फोन. ‘ताई, माका ऑप्टोमेट्रीक ॲडमिशन घेवची आसा. तेच्याआधी चष्म्याच्या शोरूममध्ये नोकरी करू काय?’

मला हसूच आलं. कारण बारावीनंतर मीही एक्झॅक्टली हेच केलं होतं. आमचं शिरोडा म्हणजे १९३०च्या मीठ सत्याग्रहाचं गाव. वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ इथे शाळेत शिकवायचे. अशा गावातून आलेल्या मला ठाण्याचा मॉल म्हणजे भलतंच प्रकरण होतं! ऑप्टोमेट्रीची डिग्री तेव्हा चार वर्षांची होती, शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. फीसाठी थोडे पैसे जमवू, कामही कळेल, म्हणून आत्याकडे राहून एका मोठ्या चेनच्या दुकानात चिकटले. युनिफॉर्म, एसी, महिनाअखेरीस पगार. सही ना?

शिकलेही बरंच. दोन बुबुळांमधलं अंतर मोजायचं, कारण लेन्सचा मध्य तिथे बसला नाही तर डोकं दुखतं. फ्रेमच्या काड्या गरम करून कानामागे वळवायच्या. प्रोग्रेसिव्ह लेन्समध्ये खालचा भाग वाचायचा, म्हणून जिना उतरताना नुसते डोळे नाही, मान खाली घालायची. शिवाय ‘अँटी-ग्लेअर घ्याच’ हे गोड हसून सांगायचं, कारण टार्गेट! आणि कुणी तक्रार घेऊन आलं की ठरलेलं उत्तर : ‘सवय होईल, काका. पंधरा दिवस वापरून बघा.’ बहुतेकांना खरंच सवय व्हायची. त्यामुळे आपल्याला डोळ्यांतलं सगळं कळतं, असं मला वाटायला लागलं.

त्याच वर्षी आजो एका लग्नासाठी ठाण्याला आले. आईचे वडील. अख्खा जन्म मिठागरात गेलेला. मी त्यांना ऐटीत दुकानात नेलं. फुकट तपासणी, वर स्टाफ डिस्काउंट. नवा नंबर लावल्यावर आजोंनी तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा धडाधड वाचली. आम्ही टाळ्या वाजवल्या.

गावी गेल्यावर ते दाराच्या चौकटीला धडकायला लागले. एकदा मिठागराच्या बांधावरून घसरले. फोनवर म्हणाले, ‘समोरचा सगळा दिसता गो, बाजूचा दिसणा नाय.’

आणि मी काय म्हणाले असेन? ‘नवा चष्मा आहे, आजो. सवय होईल.’

सहा महिन्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू. मोतीबिंदू नव्हे, तो ऑपरेशनने निघतो. काचबिंदूत डोळ्यातली नस हळूहळू मरते, बहुतेकदा डोळ्यातलं प्रेशर वाढल्यामुळे. दुखत नाही, खुपत नाही. नजर कडेने खात येतो आणि मधली शेवटपर्यंत शाबूत ठेवतो. म्हणूनच तर तक्ता वाचता आला! थेंबांनी प्रेशर उतरतं, पण गेलेली नजर परत येत नाही. दुकानात मी त्यांचा नंबर बघितला होता. प्रेशर कुणीच मोजलं नव्हतं, डोळ्याचा मागचा पडदाही बघितला नव्हता. तो बघायला हवा, हेच मला माहीत नव्हतं.

ऑप्टोमेट्रीचा फॉर्म मी भरलाच नाही. ‘लिखाणाची आवड आहे’ सांगून मास कॉमला गेले. ते खोटं नव्हतं. पण पूर्ण खरंही नव्हतं.

म्हणून भावाला म्हटलं, नोकरी जरूर कर. माणसाशी बोलायला, फ्रेम बसवायला काउंटरसारखी शाळा नाही. २०२१च्या कायद्याने ऑप्टोमेट्री आता राष्ट्रीय आयोगाच्या कक्षेत आलीय, शिक्षणाला वजन येईल. फक्त नंबर काढणं म्हणजे डोळे तपासणं, असं समजू नकोस. चाळिशीपुढचं कुणी आलं, तर घरात कुणाला काचबिंदू आहे का विचार आणि डॉक्टरांकडे धाड. आणि ‘सवय होईल’ म्हणायच्या आधी त्यांना नक्की काय दिसत नाहीये, ते ऐकून घे.

‘ता माका म्हायत आसा,’ तो म्हणाला. ‘थांब हां ताई, ठेवतंय. आजोंच्या डोळ्यात थेंब घालूचे आसत.’