ओझें आल्यावर

आमच्या घरीं दोन मोटारी आहेत. एक जाण्यायेण्यासाठीं आहे व दुसरी दुरुस्त करण्यासाठीं. ही दुसरी म्हणजे १९७२ सालची एम. जी. बी.; दोन आसनांची, कापडी टपाची स्पोर्ट्‌स मोटार. या जातीच्या गाड्या १९६२ पासून १९८० पर्यंत इंग्लंडांतील अ‍ॅबिंग्डन येथें तयार होत, आणि तें गांव ऑक्सफर्डजवळच्या आमच्या घरापासून फारसें दूर नाहीं. पुण्याच्या पेठेंत सायकलवर वाढलेल्या माणसाला असला नाद कां लागावा, हा प्रश्न आमच्या सौभाग्यवतींनीं अनेकदां केला आहे. त्याचें समाधानकारक उत्तर आम्हांला अद्याप सुचलेलें नाहीं.

गेल्या हिंवाळ्यापासून या गाडीचा स्वभाव बिघडूं लागला. ब्रेक लावला कीं ती डावीकडे ओढ घेई. खड्ड्यावरून जातांना पुढच्या चाकांपाशीं लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा आवाज येई, आणि सरळ रस्त्यावरहि हातांतलें चक्र सारखें सांवरावें लागे. चाळीस वर्षांवरील बहुतेक गाड्यांना २०१८ सालापासून येथें वार्षिक तपासणीची सक्ती उरलेली नाहीं; तेव्हां दोष शोधावयाचा तो धन्यानेंच. आम्हीं गाडीखालीं वांकून पाहिलें, तों पुढच्या चाकांच्या खालच्या आर्मचे चारहि बुश फाटलेले दिसले.

बुश म्हणजे काय हें ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं थोडें सांगतों. चाकाला धरून ठेवणारा पोलादी आर्म दुसऱ्या टोंकाशीं गाडीच्या सांगाड्याला जोडलेला असतो, आणि चाक खालींवर होईल तसा तो त्या टोंकाशीं फिरतो. तेथें लोखंडाला लोखंड भिडूं नये म्हणून मधें रबराची जाड नळी बसवितात. तिच्या आंत व बाहेर धातूचीं कडीं चिकटविलेलीं असतात. नट आंवळला म्हणजे आंतलें कडें सांगाड्याशीं पक्कें होतें, बाहेरचें आर्मबरोबर हलतें, आणि मधलें रबर पीळ खाऊन दोघांचेंहि समाधान करतें. घरोघरीं असें एखादें माणूस असतेंच.

हे बुश दहा वर्षांपूर्वीं आम्हींच बसविले होते. याच जातीच्या, १९७३ ते १९७६ या काळांतील व्ही-८ गाडीसाठीं केलेले बुश आमच्या गाडीलाहि बसतात, आणि ते अधिक टिकाऊ म्हणून पुष्कळ लोक तेच घालतात. आमचे मात्र इतक्या लवकर फाटले. आम्हीं विकणाऱ्याला मनांतल्या मनांत व सौभाग्यवतींपाशीं उघडपणें पुष्कळ दोष दिला.

ईस्टरच्या सुटींत आमचा मुलगा घरीं आला होता. तीन वर्षांपूर्वीं वैद्यकीचा अभ्यास अर्ध्यावर टाकून त्यानें सुतारकाम पत्करलें, तेव्हांपासून आम्हां बापलेकांचें बोलणें हवापाण्यापुरतेंच उरलें होतें. फाटका बुश हातांत घेऊन त्यानें विचारलें,

"बाबा, नट आवळलेत तेव्हां चाकं लोंबकळत होतीं का?"

"अर्थात्! गाडी जॅकवर असतांना चाकं आणखी कुठं असणार?"

तो कांहीं बोलला नाहीं. त्यानें बुशाचें बाहेरचें कडें एका हातांत व आंतलें दुसऱ्या हातांत धरून पीळ दिला आणि तो तसाच धरून ठेवला. मग आमच्या डोक्यांत उजेड पडला. चाक लोंबकळत असतां नट आंवळला, तर रबर तीच आपली स्वाभाविक स्थिति समजतें. गाडी जमिनीवर उतरतांच आर्म वर सरकतो व रबराला पीळ पडतो. आणि तो कायमचाच. गाडी रात्रभर गॅरेजांत उभी असली तरी त्या रबराला विसांवा नसतो. म्हणून गाडीचें ओझें चाकांवर आल्यावरच शेवटचा नट आंवळावयाचा असतो. दहा वर्षें आम्हीं ज्या दुकानदाराला नांवें ठेवलीं, त्याचा यांत कांहींएक अपराध नव्हता.

दोन दिवस आम्हीं मिळून काम केलें. दाबलेली स्प्रिंग निसटली तर हात मोडील, म्हणून खालीं जॅक लावून व लांब बोल्ट घालून ती हळूहळू सैल केली. जुने बुश काढले व नवे वाइसमध्यें दाबून बसविले. आतां अडचण अशी, कीं चाकें जमिनीवर टेकलीं म्हणजे या बुटक्या गाडीखालीं आमच्या पोटाला जागा उरत नाहीं. मुलगा आपल्या कामाच्या जागीं गेला व सायंकाळीं ओक लांकडाचे चार भक्कम ठोकळे घेऊन आला. चाक घरंगळूं नये म्हणून प्रत्येकाला मागेंपुढें कांठ केला होता. चारहि चाकें त्यांवर टेकविलीं, जॅक काढला आणि पुढचा भाग तीन-चार वेळां दाबून त्यानें गाडी नीट बसूं दिली.

"आतां जा खालीं," तो म्हणाला.

गाडीचें वजन नऊशें किलोंहून अधिक आहे. तें आणि आमची छाती यांच्यामध्यें होते ते केवळ ते चार ठोकळे. आणि ज्यानें ते केले होते, त्याच्या कामाविषयीं आम्हीं तीन वर्षांत एकदांहि चौकशी केली नव्हती. आम्ही खालीं शिरलों. नट आंवळतांना आठवलें, कीं हा डॉक्टर होणार असें आम्हीं ठरविलें तेव्हां तो पंधरा वर्षांचा होता. अंगावर कसलेंहि ओझें आलेलें नव्हतें. आणि आम्हीं मात्र नट पक्का आंवळून टाकला होता.

"झालं का, बाबा?"

"झालं," आम्ही म्हणालों. पण बाहेर आलों नाहीं. डोक्याशेजारच्या ठोकळ्याकडे पाहत होतों. दोन फळ्यांमधला सांधा शोधूनहि सांपडत नव्हता. "हे सांधे कसे बसवलेस रे?"

क्षणभर वर शांतता होती. मग तो चाकापाशीं जमिनीवर बसला व सांगूं लागला. चहा निवत असल्याची आंतून दोनदां हांक आली. आम्ही गाडीखालींच पडून ऐकत होतों.