ऐकूं न आलेली हाक

आमच्या घरीं माणसांचा राबता मोठा. सकाळीं एकाच वेळीं तिघेजण तिघांना हाका मारीत असतात. त्यामुळें एखादीला हाक ऐकूं न येणें हा आमच्याकडे अपराधच समजला जातो. तीन वर्षांपूर्वीं हा अपराध थोरल्या वहिनींच्या हातून वारंवार घडूं लागला. आई माजघरांतून दोनदां हाक मारी. वहिनी ओट्याशीं पाठमोऱ्या उभ्याच. "ऐकूनही न ऐकल्यासारखें करते ही!" असें आई म्हणे, आणि आम्ही बाकीचे हंसत असूं. हें लिहितांना आज लाज वाटते. वहिनी कुकरच्या शिट्या मोजीत, तरी वरण करपे. त्या भिंत धरून चालूं लागल्या, तेव्हां तें पित्त ठरलें. डोळे लाल होऊन उजेड सोसेना, तेव्हां तें जागरण ठरलें.

डोळ्यांच्या डॉक्टरांनीं डोळे पाहिले, कानांच्या डॉक्टरांनीं कान. पण हे डोळे आणि हे कान एकाच बाईचे आहेत, ही गोष्ट प्रथम ध्यानांत आणून दिली ती संधिवाताच्या तज्ज्ञ असलेल्या एका डॉक्टरीणबाईंनीं. त्यांनीं आम्हांला समजावून सांगितलें, कीं देहाची जी शक्ति बाहेरच्या जंतूंशीं लढते, तीच कधीं कधीं स्वतःच्या घरावर उलटते. असल्या स्वयंप्रतिकार रोगांपैकीं एक फार विरळा रोग डोळ्याच्या पारदर्शक पडद्यावर आणि अंतःकर्णावर बरोबरच चालून जातो. डेव्हिड कोगन ह्या अमेरिकन नेत्रतज्ज्ञानें १९४५ सालीं त्याचें वर्णन केलें, आणि त्यांच्याच नांवानें तो ओळखला जातो. "डोळे बहुधा सांवरतात," बाई म्हणाल्या, "पण गेलेला कान सहसा परत येत नाहीं. औषध आजच सुरू करूं, एम्. आर्. आय्. उद्यां."

कानाच्या दुखण्याला एवढें मोठें यंत्र कशाला, असें मला वाटलें. त्याचें उत्तर कानाच्या रचनेंतच आहे. अंतःकर्ण म्हणजे अडीच वेढ्यांचा एक इवलासा शंख आणि तीन अर्धवर्तुळाकार नळ्या. शंख ऐकण्याचें काम करतो, नळ्या तोल सांभाळतात. दोहोंतही द्रव भरलेला असतो, आणि सभोंवार शरीरांतील अत्यंत कठीण हाडाचा कोट. इतर अवयवांचा बारीक तुकडा काढून तपासतां येतो. येथें तुकडा काढावा, तर ऐकणेंच जावयाचें. म्हणून शिरेंतून गॅडोलिनियम नांवाचें द्रव्य टोंचतात. निरोगी कानांत रक्त आणि हा द्रव यांच्यामधला बांध तें द्रव्य फारसें आंत शिरूं देत नाहीं. दाह झाला, कीं बांध झिरपूं लागतो, आणि सुमारें चार तासांनीं काढलेल्या चित्रांत शंख उजळलेला दिसतो.

दुसऱ्या दिवशीं इस्पितळांत वहिनींच्या मूत्रपिंडांची तपासणी आधीं पाहिली गेली. चुंबकापाशीं धातु चालत नाहीं, म्हणून मंगळसूत्र, बांगड्या, जोडवीं उतरवावीं लागलीं. तीं आईनें आपल्या रुमालांत बांधून घेतलीं, आणि इंजेक्शनानंतरचे चार तास ती पुरचुंडी मुठींत धरून बांकावर बसून राहिली. एक शब्द बोलली नाहीं. वहिनी बाहेर आल्या तेव्हां ती उठून त्यांच्या समोर गेली आणि म्हणाली, "फार ठोकत होतें का गं तें?"

"डावीकडे ठोकत होतें, आई. उजवीकडे कांहींच नव्हतें."

चित्रांत दोन्ही शंख उजळले होते, उजवा अधिक. ऐकण्याच्या मज्जातंतूवर गांठ नाहीं, हेंही त्यांतून कळलें. दुसऱ्या एका चित्रांत शंखांतील द्रवाची पांढरी रेघ कोठेंही तुटलेली नव्हती. बाईंना त्याचेंच विशेष समाधान वाटलें. कारण दाह रेंगाळला, तर ह्या द्रवाच्या जागीं तंतु आणि पुढें हाडही तयार होतें, आणि मग कॉक्लिअर इम्प्लांटची तार आंत सरकविणें कठीण जातें. मात्र एक गोष्ट त्यांनीं बजावून सांगितली: "चित्र स्वच्छ आलें असतें, तरी मीं औषध थांबविलें नसतें. स्वच्छ चित्रानें हा रोग नाहींच असें ठरत नाहीं." डोळ्यांची तक्रार, श्रवणाचा आलेख, रक्ताच्या तपासण्या आणि चित्र हीं सारीं मिळून निर्णय होतो.

स्टेरॉइडनें डोळे निवळले, डावा कान बराचसा सुधारला. उजवा गेला तो गेलाच. त्यांत त्याच वर्षीं इम्प्लांट बसविलें. आम्ही हंसण्यांत घालविलेले ते आठवडे हातीं असते, तर तोही वांचला असता काय, हा प्रश्न मीं बाईंना विचारला नाहीं. विचारण्याचा धीर झाला नाहीं.

वाचकहो, आपल्या घरांतील कोणी हांकेला ओ देईनासें झालें, आणि त्याबरोबर डोळे लाल होत असतील वा तोल जात असेल, तर त्या माणसाच्या स्वभावाची चिकित्सा करीत बसूं नका. त्याच आठवड्यांत डॉक्टर गांठा, आणि दोन्ही तक्रारी एकाच डॉक्टरांच्या कानांवर घाला.

आईनें वहिनींची क्षमा मागितली नाहीं; तिच्या पिढीला तें जमत नाहीं. पण आतां ती माजघरांतून हांक मारीत नाहीं. गुडघे दुखत असले तरी उठते, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत जाते, आणि वहिनींनीं वळून पाहिल्यावरच बोलूं लागते.