सत्ताविसावा सामना

अमेरिकन फुटबॉल मी कधी पाहिलेला नाही. लांबट चेंडू हातात घेऊन धावायचे आणि त्याला फुटबॉल म्हणायचे, याचेच मला प्रथम हसू आले. पण टॅम्पा बे बकनीअर्स या फ्लॉरिडातील संघाची हकीगत वाचली आणि ते हसू मावळले.

१९७६ साली हा नवा संघ व्यावसायिक स्पर्धेत उतरला. चौदा सामने खेळला, चौदाही हरला. त्यांपैकी पाचांत एक गुणसुद्धा नाही! पुढच्या वर्षी आणखी बारा पराभव. टीव्हीवर त्यांची टिंगल होई. अखेर ११ डिसेंबर १९७७ रोजी न्यू ऑर्लिन्सला जाऊन त्यांनी सत्ताविसावा सामना ३३-१४ असा जिंकला. परतले तेव्हा स्वागताला हजारो माणसे जमली होती.

पहिल्या वर्षाच्या इंग्रजीत मी दोनदा नापास झालो. अण्णांना गुणपत्रिका वाचता येत नाही. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिले आणि एवढेच विचारले, "पुन्हा बसतोस ना?"

त्या संघाच्या विजयाचे कौतुक सर्वांनाच आहे. मला मात्र सव्विसाव्या पराभवानंतरचा सराव आठवत राहतो. स्वागताला कुणी नसताना त्या खेळाडूंनी पुन्हा बूट बांधले असतील.

मी फॉर्म भरला आहे.