रबराचा कप्तान

ज्याला पोहता येत नाही त्याने विहिरीच्या काठावरून वाकूनसुद्धा पाहू नये, अशा मताच्या घरात मी वाढलो. त्यामुळे ‘वन पीस’ या जपानी चित्रकथेचा नायक लुफी हा चाच्यांचा कप्तान असून त्याला पोहता येत नाही, असे नातवाने सांगितले तेव्हा मी चष्मा पुसून विचारले, “कप्तान? जहाजाचाच ना?”

“हो आबा. त्यानं एक जादूचं फळ खाल्लंय. अंग रबरासारखं ताणतं, पण समुद्रात पडला की दगड!”

इथेच मी उठायला हवे होते. पण बसलो. एइचिरो ओदा या गृहस्थांनी ही कथा १९९७ साली ‘शोनेन जंप’ साप्ताहिकात सुरू केली. पाच वर्षांत आटोपायचा बेत होता म्हणे. आमच्या घराचे रंगकामही चार दिवसांत आटोपणार होते! २०२१ साली शंभरावा खंड निघाला, पडद्यावरचा हजारावा भागही झाला, आणि खजिना तेव्हाही सापडलेला नव्हता.

तरी लोक कंटाळत कसे नाहीत? मला वाटते, त्या जहाजावर धड असा एकही नाही म्हणून. झोरो तीन तलवारींनी लढतो, तिसरी चक्क दातांत धरून. पण त्याला रस्ता म्हणून सापडत नाही. नेमबाज उसोप थापाड्या आणि भित्रा. सांजी आचारी भुकेल्या शत्रूलाही जेवू घालणारा. आमच्या चाळीत याहून वेगळे कोण होते?

मग ‘गोइंग मेरी’ या त्यांच्या जहाजाचा कणा मोडला. भर समुद्रात, बर्फ पडत असताना, लुफीने स्वतःच्या हाताने त्याला अग्नी दिला. जळताजळता ते लाकडी जहाजच सगळ्यांची माफी मागू लागले, आणखी पुढे नेता आले नाही म्हणून.

बावीस वर्षे मला, हिला आणि दोन्ही मुलांना एकदम वाहून नेणारी माझी लॅम्ब्रेटा भंगारवाल्याने काट्यावर घातली, तेव्हा मी नोटा मोजत होतो. वळूनही पाहिले नव्हते.

“आबा, रडताय?”

“छे रे. मोतीबिंदू.”

“अजून आठशेच्या वर भाग आहेत हं!”

मी हिशेब केला. रोज एक धरला तरी सव्वादोन वर्षे. तेव्हापासून मी रक्तदाबाची गोळी एकदाही चुकवलेली नाही.